कडुलिंबाभोवती त्रेचाळीस क्लिक

एका कडुलिंबाचा फोटो कापायला बसप्पांना त्रेचाळीस क्लिक लागतात. मी शेजारी बसून मोजले आहेत. दुसरा कुणी ड्राफ्ट्समन चार कोपऱ्यांचा चौकोन टाकून मोकळा होतो. बसप्पा संगणकावर, नकाशे काढायच्या कॅड प्रोग्रॅममध्ये फोटो घेतात, चष्मा कपाळावर सरकवतात, पडद्याला नाक टेकेल इतके वाकतात आणि झाडाच्या कडेकडेनं एकेक ठिपका देत निघतात. मध्येच कुणी बोललं तर डावा हात वर करतात. "थांबा की! फांदीवर हाय मी."

मुरुम गावात बाजाराच्या रस्त्यावर त्यांची दहा बाय बाराची खोली आहे. मी ती मोजलेली नाही. त्यांनीच सांगितली, आणि त्यांचं माप चुकत नाही. घरांचे नकाशे काढणं हा त्यांचा धंदा. नकाशाच्या कोपऱ्यात जागेचा फोटो लावायचा असतो. गिऱ्हाईक तो मोबाइलवर काढून आणतं. त्यात घर थोडं आणि बाकीचंच फार: विजेचा खांब, वाळत घातलेली धोतरं, फोटो काढणाऱ्याचं बोट. त्यातून घर तेवढं ठेवायचं.

"चौकोन हा आळशी माणसाचा आकार," असं बसप्पा म्हणतात.

एका शेतकऱ्याच्या घरापुढं म्हैस बांधलेली होती. पायरी दाखवायची तर निम्मी म्हैस आत येत होती. बसप्पांनी सबंध म्हैस ठेवली, शेपटीच्या गोंड्यासकट. नगरपरिषदेत बांधकामाचा अर्ज घेणाऱ्या कारकुनानं विचारलं, "हिला पण परवानगी पायजे का?"

बसप्पा म्हणाले, "अर्धी म्हैस बघितल्यावर तुमी भिंतीची मापं खरी धरताल का?"

कारकुनानं अर्ज ठेवून घेतला. मी शाळेत गणित शिकवतो. यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचलं नसतं.

यंदा आम्ही घरावर एक मजला चढवायचं ठरवलं. सोमवारी अर्ज द्यायचा होता, म्हणून शनिवारी दुपारी मी नकाशा आणायला गेलो. बसप्पा चहा सांगायला बाहेर गेले होते. संगणक चालू होता. पडद्यावर माझाच नकाशा होता. सवयीनं मी मापं तपासली. सगळी बरोबर. मग फोटोकडे नजर गेली आणि मी खुर्चीतच सरळ झालो. साधा चौकोन! आमच्या दारातला कडुलिंब मधोमध कापलेला. गच्चीवर कुरडया घालत उभी असलेली माझी बायको मानेपासून वर गायब.

मला माझ्या अर्जापेक्षा बसप्पांची काळजी वाटली. साठी ओलांडलेला माणूस, घरात एकटा. डोळे गेले असतील तर यांच्याजवळ राहिलं काय?

ते आत आले. मी पडद्याकडे बोट केलं. "अप्पा, हे काय झालं?"

"ते व्हय?" ते जरा ओशाळले. "ते तुमचं न्हाय, सर."

त्यांनी खणातून छापलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर झाड पूर्ण होतं, बायको पूर्ण होती, तिचा वाऱ्यावर उडालेला पदरसुद्धा टोकापर्यंत शाबूत होता.

"मग हे कुणाचं?"

"महेशला धाडलंय. तपासायला."

महेश त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्यात एका मोठ्या कंपनीत हेच काम करतो.

"चुकीचं कशाला धाडलंत?"

बसप्पांनी टेबलावरची धूळ उगाच हातानं पुसली. "बरोबर धाडलं की मोबाइलवर नुसता अंगठा येतोय त्याचा. चुकीचं धाडलं तर फोन येतोय."

चहा यायच्या आधीच महेशचा फोन आला. बसप्पांनी स्पीकर लावून मोबाइल टेबलावर ठेवला.

"अप्पा, काय केलंय हे! सरांच्या घरच्या काकूंचं मुंडकं उडवलंय तुमी!"

"व्हय का? दिसलं न्हाय बघ."

"चष्मा बदला म्हणलं तर ऐकत न्हाय. माऊस घ्या हातात. चौकोन नका घेऊ. दुसरा प्रकार हाय बघा, एकेक ठिपका देत जायचं…"

"सावकाश सांग बाबा. जेवलास का?"

"जेवलो. आता पहिला ठिपका द्या."

"काय जेवलास?"

महेश सांगत गेला. भाजी सांगितली, खोलीतल्या मित्राचा ताप सांगितला, मधूनमधून ठिपके सांगितले. बसप्पा "हां, हां" करत होते. उजवा हात मात्र केव्हाच पुढं निघून गेला होता. मी घड्याळ पाहिलं, एकोणीस मिनिटं झाली होती. पडद्यावर माझी बायको डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण उभी होती.

"जमलं का, अप्पा?"

बसप्पांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"न्हाय की रं," ते म्हणाले. "पुन्ना पहिल्यापासनं सांग."