पेटीवाली टाकी

यंदाच्या सुगीत आमचा हार्वेस्टर डिझेलसाठी एक मिनिटसुद्धा थांबणार नाही, असं मी जूनमध्येच जाहीर करून टाकलं होतं. आणि तेही कुठे, तर गावातल्या कॉफीच्या टेबलावर! तिथे सकाळी बोललेलं वाक्य दुपारपर्यंत कॅनडातल्या आमच्या निम्म्या सॅस्कॅचेवान प्रांताला माहीत होतं.

त्याचं असं झालं. आमचं जवसाचं शेत घरापासून चांगलंच लांब आहे. डिझेलची मोठी टाकी अंगणात आणि हार्वेस्टर तिकडे. दरवर्षी मी कॅन भरायचे, पिकअपमध्ये चढवायचे, शेतात उतरवायचे, हार्वेस्टरच्या शिडीवर चढून नरसाळ्यानं ओतायचे. आमच्याकडचा वारा असा, की निम्मं डिझेल टाकीत जायचं आणि निम्मं माझ्या शर्टात. सुगीभर माझी बायको मार्लिस मला घरात घेण्याआधी दारातच हुंगायची आणि परत अंगणात पाठवायची. कंबर तर अशी झाली होती, की बूट काढायचे म्हणजे आधी अर्धा तास विचार करावा लागायचा.

आता पुरे, असं ठरवलं. पिकअपच्या हौद्यात बसवायची इंधनाची टाकी घ्यायची! पंपवाली. बटण दाबलं की डिझेल आपोआप वर.

उन्हाळाभर मी टाक्यांचा अभ्यास केला. स्टीलची की ॲल्युमिनियमची, चौकोनी की एल आकाराची, हातपंप की विजेचा. लग्न ठरवतानाही मी इतकी चौकशी केली नव्हती. मार्लिसनं हे मान्य केलं, पण ज्या सुरात मान्य केलं तो सूर मला आवडला नाही.

दुकानातला क्लेटन मला बघूनच खूश झाला. हा माणूस काहीतरी मोठं घेऊन जाणार, हे त्याला लांबूनच कळतं.

"केवढी हवी, आर्डेन?"

"हौद्यात मावेल तेवढी!"

"मधली घे," मार्लिस म्हणाली. "आपली पिकअप म्हणजे काही रणगाडा नव्हे."

"मोठी टाकी म्हणजे कमी फेऱ्या. साधा हिशेब आहे."

"मग ही पेटीवाली घ्या," क्लेटननं एका चकचकीत धुडावर थाप मारली. "खाली टाकी, वर अवजारांची पेटी. पाने, पट्टे, ग्रीस गन, सगळं आत. पंपाची नळीसुद्धा आतच. आणि गंमत बघा!" त्यानं पेटीचं झाकण उचलून सोडलं. खाड! "आपोआप कुलूप! चोराच्या बापाला उघडणार नाही."

"आणि आपल्याला?" मार्लिसनं विचारलं.

"आपल्याकडे किल्ली असते ना!" मी म्हणालो. "एक नाही, दोन!"

टाकी बसली. रिकामी होती तोवर पिकअप गप्प होती. भरली तशी तिनं मागून बैठक मारली आणि नाक वर केलं. संध्याकाळी दिवे लावले तर समोरचा रस्ता दिसेना, आभाळातून जाणारी बदकं मात्र स्पष्ट दिसत होती!

माझे सासरे इंगवाल्ड बघायला आले. वय ऐंशीच्या पुढे, पण हार्वेस्टरच्या खुर्चीत अजून दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत. बाकीचा कारभार मात्र यंदा पहिल्यांदाच माझ्या हाती दिला होता. टाकीभोवती त्यांनी दोन चकरा मारल्या. बोटानं टकटक केली. पेटीत डोकावले.

"छान आहे," ते म्हणाले. "पडदे कधी लावताय, जावईबापू?"

मी मनावर घेतलं नाही. सुगी येऊ दे, मग बघू!

सुगी आली. गहू निघाला, मसूर निघाली, आणि काय सांगू, टाकीनं कमाल केली. बटण दाबायचं, टेकून उभं राहायचं. माझे शर्ट कोरडे! कॉफीच्या टेबलावर मी थोडा जास्तच बोललो असेन. पण त्या सगळ्या कापण्या घराजवळच्या होत्या, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

शेवटी राहिलं ते लांबचं जवस. ऑक्टोबर उजाडला होता. रेडिओवर सांगत होते की संध्याकाळी पाऊस आणि नंतर कदाचित बर्फ. जवस एकदा भिजलं की हार्वेस्टरच्या पोटात दोरखंडासारखं गुंडाळतं. म्हणजे आज निघालं तर निघालं, नाहीतर देवाच्या मनात येईल तेव्हा. महिनाभराच्या जागरणानं आम्ही सगळेच इतके थकलो होतो, की मार्लिसनं त्या सकाळी कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं आणि आम्ही तिघांनीही ती निमूट प्यायली.

दुपारी वॉकीटॉकीवर सासऱ्यांचा आवाज आला. "जावईबापू, डिझेल उतरतंय. येताय का?"

"निघालोच!" मी म्हणालो. मार्लिस धान्याचा ट्रक घेऊन तिकडेच होती. तिनं सकाळी करून ठेवलेली बटाटा-खिम्याची मोठी थाळी मी फॉइल गुंडाळून पेटीत ठेवली, पान्यांच्या शेजारी. टाकी काठोकाठ भरली. निघालो!

घर मागे पडलं, धान्याची कोठारं मागे पडली. शेवटच्या वळणाच्या अलीकडे, जिथे दोन्ही बाजूंना नुसतं आभाळ असतं, तिथे पिकअपनं एक उचकी दिली. मग दुसरी. मग ती थांबली.

काट्याकडे बघितलं. शून्य!

म्हणजे, मंडळी, पिकअपचा काटा. आमची पिकअप पेट्रोलवर चालते. मी महिनाभर मागच्या टाकीत डिझेल आहे की नाही ते दिवसातून दहादा बघत होतो. गाडीत पेट्रोल आहे की नाही, ते बघायचं राहून गेलं. त्यात एवढं ओझं वाहून ती पेट्रोल पाण्यासारखी पीत होती.

मागे ट्रॅक्टरला आठवडाभर पुरेल इतकं इंधन होतं. आणि मी इंधन संपल्यामुळे रस्त्यात उभा होतो!

एखादा जुना पेट्रोलचा कॅन असेल म्हणून मी किल्ली काढून उतरलो, पेटी उघडली, किल्ल्या पान्यांवर ठेवल्या आणि दोन्ही हातांनी आत शोधू लागलो. कॅन नव्हता. कॅन तर मी उन्हाळ्यातच मोठ्या समारंभानं अडगळीत टाकले होते. मी हात बाहेर काढले आणि पश्चिमेकडून वाऱ्याचा एक दणका आला.

खाड!

मी खिसे चाचपले. दुसरी किल्ली? होती ना. पहिलीच्याच कडीत. आणि त्याच कडीत पिकअपचीही.

"जावईबापू," वॉकीटॉकी बोलला. "कुठवर?"

"जवळच आहे," मी म्हणालो. हे खरं होतं.

"मग दिसत का नाही?"

"थांबलोय जरा."

"कशासाठी?"

ह्या वॉकीटॉकीवर आजूबाजूची सगळी शेतं असतात. बोलावं की न बोलावं? पण आभाळ काळं होत चाललं होतं.

"पेट्रोल संपलं," मी अगदी हळू म्हणालो, जणू हळू बोललं की कमी लोकांना ऐकू जातं.

 पलीकडून एक अनोळखी खोकला. मग आणखी कुणीतरी बटण दाबून हसल्याचा आवाज. मग सासरे. "काय संपलं?"

"पेट्रोल!"

"आणि डिझेल?"

"डिझेल भरपूर आहे."

"बरं," ते म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी सगळा जून, जुलै आणि ऑगस्ट भरला होता.

तेवढ्यात धुरळा उडवत एक गाडी आली. विल्माबाई! आमच्या पलीकडच्या शेतावर राहतात, अंडी विकतात, चर्चच्या स्वयंपाकघरावर राज्य करतात. त्यांनी काच खाली केली.

"काय रे आर्डेन, काय झालं?"

"गाडीतलं इंधन संपलं."

विल्माबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग टाकीकडे. मग परत माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर अशी माया दाटून आली, की मला खाली बसावंसं वाटलं.

"तू जेवलास का बाळा?" त्या म्हणाल्या.

"जेवण पेटीत आहे. किल्लीपण पेटीत आहे."

"आणि पेटीची किल्ली?"

"तेच सांगतोय."

त्या मागे वळल्या आणि घरून गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल घेऊन आल्या. आम्ही ते गाडीत ओतलं. मग दोघंही गाडीकडे बघत उभे राहिलो. गाडीला पेट्रोल मिळालं होतं, किल्ली नव्हती. ओढून न्यावी तर गिअर अडकलेला. मी झाकणाला नखं लावून पाहिली, पाय लावून ओढलं. क्लेटन खरं बोलला होता. चोराच्या बापाला उघडलं नसतं!

"जावईबापू," वॉकीटॉकीवर आवाज आला, पण ह्या वेळी सूर वेगळा होता. "हार्वेस्टर बंद पडला."

"म्हणजे? तुम्ही काटा बघून थांबला नाहीत?"

"मला वाटलं अजून एक फेरी निघेल."

"काटा शून्यावर असताना?"

"काटा काय सांगतो ते तू मला शिकवू नकोस!"

डिझेलचं इंजिन कोरडं पडलं की नळ्यांत हवा शिरते. मग नुसतं डिझेल भरून भागत नाही, हवा काढत बसावं लागतं. आता दोन गाड्या अडल्या होत्या, एक किल्लीवाचून आणि दुसरी डिझेलवाचून, आणि मधे एक काठोकाठ भरलेली टाकी.

थोड्या वेळानं धान्याचा ट्रक आला. मार्लिस चालवत होती आणि शेजारी सासरे बसले होते, मांडीवर पहार घेऊन. मार्लिस खाली उतरली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण ती इतकी दमली होती की तिनं नुसतं पिकअपच्या दाराला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. तेच जास्त लागलं.

"बाबा," मी म्हणालो, "झाकण नवीन आहे. जरा हलक्या हातानं..."

कडाड!

झाकण एका बाजूनं केळीच्या सालीसारखं सोललं गेलं. आत बघितलं, तर वाटेतल्या खड्ड्यांनी आपलं काम केलं होतं. मोठा पाना थाळीत उभा रुतला होता. ग्रीस गननं बटाट्यांवर नाजूक नक्षी काढली होती. आणि किल्ल्या? वाऱ्यानं झाकण आपटलं तेव्हा त्या घसरून फाटलेल्या फॉइलमधून थेट खिम्यात गेल्या होत्या. कोपरापर्यंत हात घालून मी त्या काढल्या. विल्माबाईंनी रुमाल पुढे केला.

पिकअप सुरू झाली. शेतात पोचलो. नळी लावली, बटण दाबलं, आणि डिझेल असं झुळझुळ गेलं म्हणता! दिवसभरात हे एकच काम बिनबोभाट झालं, आणि त्याचं कौतुक करायला कुणी उरलं नव्हतं.

मग सासरे इंजिनाशी बसले. एक नट सैल करायचा, पंप दाबायचा, फेस बघायचा, परत घट्ट करायचा. त्यांच्या पान्यातून नट सारखा निसटत होता. मी पाना घेतला, त्यांनी तो दिला. पहिल्यांदाच. मी नट फिरवत होतो, ते पंप दाबत होते, आणि आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. माझं पेट्रोल आणि त्यांचा काटा, दोन्ही एकाच पारड्यात पडल्यासारखं झालं होतं.

"अजून हवा आहे," ते म्हणाले.

"अजून आहे," मी म्हणालो.

मार्लिसनं थाळीतला ग्रीस न लागलेला कोपरा चमच्यानं वेगळा करून आणला. तो आम्ही तिघांनी हार्वेस्टरच्या चाकाला टेकून खाल्ला. चव कशाची होती ते विचारू नका. सासऱ्यांनी त्यांच्या वाट्यातला शेवटचा घास माझ्याकडे सरकवला आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "थांबायला हवं होतं मी. एक फेरी आधी."

एवढंच. मग ते शिडी चढले. इंजिन खोकलं, धुराचा गोळा सोडला आणि सुरू झालं!

पावसाचा पहिला थेंब पडला तेव्हा शेताच्या मधोमध जवसाची एक पट्टी उरली होती, गालावर वस्तरा फिरवायचा राहून जावा तशी. तीही वाळल्यावर पुढच्या आठवड्यात काढली. बाकी सगळं पीक कोठारात गेलं. म्हणजे तसं बघायला गेलं तर काही बिघडलं नाही, पेटीचं झाकण सोडून. ते आता मी दोरीनं बांधतो.

मला वाटलं, चला, संपलं. लोक विसरतील.

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे पिकाचे आभार मानायच्या रविवारी चर्च भरलं होतं. आमच्या पास्टर ब्रिटा नव्याच आल्यात, तरुण आहेत, अतिशय प्रामाणिक. गावात कोण काय बोलतंय हे त्यांना अजून कळत नाही. कुणीतरी प्रार्थनेसाठी एखादी विनंती केली की त्या मनापासून करतात. त्यांनी पिकासाठी देवाचे आभार मानले, आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. मग हातातली चिठ्ठी बघितली. अक्षर विल्माबाईंचं असावं.

"आणि हे प्रभो," पास्टर गहिवरून म्हणाल्या, "ज्यांच्या पाठीशी सगळं भरभरून असतं, तरी जे रस्त्यात रिकामे उभे राहतात, त्यांना मार्ग दाखव."

सगळी बाकडी थरथरू लागली. खोकल्याची साथ आल्यासारखी माणसं तोंडावर हात धरून वाकली. पास्टर बिचाऱ्या गोंधळून बघत होत्या. सासरे आढ्याकडे बघत होते, त्यांचे खांदे हलत होते.

मी मान खाली घातली. आणि माझ्या अगदी शेजारून, आख्ख्या चर्चमध्ये सगळ्यात मोठ्यानं, अंतःकरणापासून आवाज आला, "आमेन!"

मार्लिसचा.

पुष्कळ दिवसांनी हसत होती हो. मग मीही म्हणालो.