कथा ठेवली, स्वभाव परत

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी कथा ठेवून घेतली आणि माझा स्वभाव साभार परत पाठवला.

एकोणीस वर्षे माझ्या कथाच परत येत होत्या, त्यामुळे 'साभार परत' हे शब्द मला नवे नव्हते. तरी टपालाने आलेले खोके उघडल्यावर मी हादरलोच. आत माझा स्वभाव नाक वर करून बसला होता. सोबत चिठ्ठी होती: "'एकही स्वल्पविराम हलवू नये' अशी ताकीद देणारा स्वभाव आम्हाला चालत नाही. आठ दिवसांत दुसरा आणावा, अन्यथा कथाही परत येईल."

"बदला की," माझी बायको शैलजा म्हणाली. "कथा छापून यावी म्हणून तर एवढा जीव टाकताय."

खोके घरीच ठेवून मी अंकाच्या कार्यालयात गेलो. उपसंपादक मेघेबाईंनी कपाटातून एक नम्र स्वभाव काढून दिला.

"हा कुणाचा?"

"एका कवींचा. आता ते प्रसिद्ध झालेत, त्यांना लागत नाही."

"मला बसेल?"

"सुरुवातीला मानेला रग लागते, मग सवय होते. इथे सही करा."

मी सही केली. आतून संपादकांनी विचारले, "शेवटची दोन पानं काढून टाकू का?"

"अवश्य. तुम्हाला जास्त कळतं," मी म्हणालो आणि मलाच घाम फुटला. पण कथा छपाईला गेली. माझी कथा! रस्त्यात मला आनंदाने रडू आले.

घरी शैलजाने दार अर्धेच उघडले. "कोण हवंय आपल्याला?"

"अगं, मी सदानंद."

"ते घरातच आहेत."

आत खोके रिकामे पडले होते. माझा स्वभाव माझ्या खुर्चीत बसून चहात साखर कमी पडल्याबद्दल कुरकुरत होता. "आता पुरे हं," शैलजा त्याला म्हणाली, अगदी रोज मला म्हणायची तशी. हे माझे घर आहे, असे ओरडावेसे वाटले.

"काही काम होतं का?" तिने विचारले.

"छे, छे. आपल्याला उगाच तसदी दिली."

तिला दार लावायचेही कष्ट पडू नयेत म्हणून ते मीच बाहेरून ओढून घेतले.