सहभागी क्रमांक बारा

चालता चालता काम करणं यात कसलं आलंय दिव्य? मी चालता चालता जेवतो, भांडतो आणि किल्ल्याही हरवतो. म्हणून बायकोच्या संशोधनाला बारावा माणूस मिळेना, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "मी आहे ना!"

काम सोपं होतं. ट्रेडमिलवर टेबल बसवलेलं. त्यावर चालत समोरचा मजकूर टाइप करायचा, सकाळी एक तास, दुपारी एक तास, असं पंधरा दिवस. पावलं आणि चुका यंत्रच मोजणार. बाराव्याची नोंद झाली की तिचा तीन वर्षांचा प्रबंध पुरा.

मी घरूनच काम करतो, त्यामुळे यंत्र आमच्या बैठकीच्या खोलीत आलं. पहिल्या सकाळी चढलो. बोटांकडे लक्ष दिलं की पाय मागे सोफ्याकडे निघायचे आणि पाय सांभाळले की बोटं गप्प. तासात शहाऐंशी चुका! दुपारी जेवून दोनच मिनिटं आडवा झालो, तो चहाच्या वेळेला उठलो.

संध्याकाळी बायकोनं नोंदी पाहिल्या.

"दुपारी फक्त तीन चुका? कमाल केलीस."

मी कबूल करणारच होतो. पण इतक्या कौतुकानं तिनं माझ्याकडे लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं होतं. यंत्र बिघडलं असणार, पण माझ्या बाजूनं बिघडलंय तर आपण कशाला बोला?

"जमतं हळूहळू," मी म्हणालो.

मग रोज तेच. मी झोपायचो, चुका कमी व्हायच्या. फक्त टेबलावरचा माउस रोज खाली पडलेला सापडायचा. आणि आमच्याकडेच राहणारे माझे बाबा रात्री एक पोळी जास्त मागायला लागले होते. बाबा कोर्टात टायपिस्ट होते. निवृत्त झाल्यापासून आरामखुर्ची सोडत नव्हते. डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, बायको आठ महिने विनवत होती. त्यांचं उत्तर ठरलेलं, "मला कुठे जायचंय?"

दहाव्या दिवशी बायको म्हणाली, "उद्या दुपारी माझ्या मार्गदर्शक मॅडम येतायत. तुझे आकडे त्यांना खरे वाटत नाहीत. तू फक्त रोजच्यासारखा टाइप कर."

रोजच्यासारखं म्हणजे घोरायचं की काय!

मॅडम चहाचा कप टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून वही उघडून उभ्या राहिल्या. मी चढलो. पहिल्याच ओळीत सहा चुका. सातवी दुरुस्त करायला वाकलो आणि पट्ट्यावरून पार्सलासारखा मागे येऊन थेट सोफ्यावर, गंमत बघायला येऊन बसलेल्या बाबांच्या मांडीवर बसलो.

"ऊठ," बाबा म्हणाले. चष्मा सारखा केला आणि यंत्रावर चढले. टकटकटक सुरू झालं. ओळ संपली तसा त्यांचा डावा हात वर गेला आणि जुन्या टाइपरायटरची नसलेली दांडी त्यांनी जोरात ढकलली. माउस गेला, पाठोपाठ मॅडमचा चहाही गेला.

"माफ करा," बाबा न थांबता म्हणाले. "चाळीस वर्षांची सवय आहे."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "दहा दिवस?"

"झोप लागायची," मी म्हणालो. मला खरंच लाज वाटली. तिच्या तीन वर्षांच्या मेहनतीवर मी दहा दिवस झोपलो होतो.

"सूनबाई, चूक माझी," बाबा म्हणाले. "दोन वाजले की हे यंत्र शिट्टी मारायचं. मजकूर तसाच पडलेला, हा झोपलेला. बघवेना."

तिचे डोळे भरून आले. "बाबा, तुम्ही रोज चालताय?"

"चालतोय कुठे? टाइप करतोय."

मॅडमनी साडीवरचा चहा पुसला आणि निकाल दिला. जुने आकडे रद्द, बारावे सहभागी म्हणून बाबा, मोजणी पहिल्यापासून.

प्रबंध अकरा दिवस उशिरा पुरा झाला. त्यात माझाही उल्लेख आहे, शेवटच्या पानावर, तळटीपेत: 'आधीचा सहभागी क्रमांक बारा वगळला. कारण: झोप.'

तळटीपेत एकही चूक नाही. बाबांनी चालता चालता टाइप केली आहे.