डावा इकडे, उजवा तिकडे

"नऊ दिवस झाले बेटा, एक माणूस बोलून नाही राहिला," पुरुषोत्तमराव बसमध्ये म्हणाले. "काल मी एकाच्या पायावर पाय दिला, तर सॉरीसुद्धा तोच म्हणाला. पुढे बोलायला जागाच नाही ठेवली."

त्यांची मुलगी अक्षया खिडकीबाहेर उतरायचा स्टॉप शोधत होती. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या लॅबमध्ये ती औषधांचे नमुने तपासत असे, आणि रजेचे नऊही दिवस तिने तितक्याच काटेकोरपणे आखले होते. टॉवर, नदी, राजवाडा, डायनासोरचा सांगाडा. बाबांनी सगळं नीट पाहिलं. पण रोज संध्याकाळी तिच्या ईलिंगच्या फ्लॅटवर परतल्यावर त्यांचा एकच प्रश्न असायचा. "तुझ्या वरती कोण राहते?"

चार वर्षं झाली होती, आणि अक्षयाला ते ठाऊक नव्हतं. कुणीतरी सकाळी सव्वासहाला उठतं, एवढंच पावलांवरून कळलं होतं.

"तुला ताप आला तर पाणी कोण देईन?" हा दुसरा प्रश्न. नागपूरला परत ये, असं ते कधी म्हणाले नाहीत. उद्या ते विमानात बसणार होते. घोर लावून न घेता त्यांनी बसावं, एवढीच तिची इच्छा होती.

शेवटचा दिवस कॅमडेनमधल्या बाबासाहेबांच्या घरासाठी राखून ठेवला होता. पुरुषोत्तमरावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. पाऊस नुकताच थांबला होता. फाटकाशी येताच ते वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"बाबा, इथे बूट काढायची पद्धत नाहीये."

"पद्धत इथली असंन. घर कोणाचं आहे?"

बूट नवे होते, तिनेच घेऊन दिलेले. पुरुषोत्तमरावांनी डावा शेजारच्या घराच्या कुंपणाखाली सरकवला. उजवा घेऊन ते मोजे घातलेल्या पायांनी उलट्या दिशेला चार घरं चालत गेले आणि तिथल्या बुटक्या भिंतीवर ठेवून आले.

"हे काय आता?"

"दीक्षाभूमीच्या गर्दीत दोन जोडे गमावले, तेव्हा शिकलो. जोडी दिसली की माणसाला मोह होते. एका बुटाचा मोह कोणाले होत नाही."

तर्कात खोट काढता येत नव्हती.

आत ते प्रत्येक खोलीत हात जोडून उभे राहिले. जिन्याच्या कठड्यावरून हलकेच हात फिरवला. "इतक्या लांब," ते म्हणाले, "आणि घरची माणसं सगळी तिकडे." मग त्यांनी अक्षयाकडे पाहिलं.

तासाभराने बाहेर आले तर कुंपणाखाली डावा नव्हता. भिंतीवर उजवाही नव्हता.

"चोरसुद्धा शिकलेले आहेत इथले," पुरुषोत्तमराव म्हणाले. मोजे टपकत होते. नागपूरला आता हीच गोष्ट जाणार, हे अक्षयाला स्पष्ट दिसलं.

पण पुरुषोत्तमरावांचा सिद्धांत चोरांचा विचार करून मांडलेला होता. मदत करणाऱ्यांचा विचार त्यात नव्हता.

कोपऱ्यावरून निळ्या कोटातल्या एक आजीबाई आल्या. त्यांच्या हातात डावा बूट होता. त्यांनी आधी मोजे पाहिले, मग चेहरा, आणि फोनवर शांतपणे म्हणाल्या, "सापडले. बरे दिसतात."

उलगडा हळूहळू झाला. आजीबाईंना डावा सापडला, त्यांनी त्याचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. पलीकडच्या टोकाला कुत्रा फिरवणाऱ्या एका गृहस्थांना उजवा सापडला, त्यांनीही टाकला. दोन्ही फोटो पाहून कुणीतरी लिहिलं, एखादे वयस्कर गृहस्थ घरातून भटकत निघाले आहेत आणि वाटेत एकेक बूट गळतोय. तासभर अर्धी गल्ली त्यांना शोधत होती.

आता ती सगळी गोळा झाली. सहा माणसं, तीन छत्र्या, एक कुत्रा. एक बाई घरून कोरडे मोजे घेऊन आली. अक्षया माफी मागू लागली, पण पुरुषोत्तमराव तोवर भिंतीवर बसून, शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या इंग्रजीत आपला सिद्धांत समजावू लागले होते. कुत्रेवाल्या गृहस्थांनी त्यावर तीन शंका विचारल्या आणि पोहण्याच्या तलावावर तो वापरून बघायचं ठरवलं. अक्षयाने घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती.

परतीच्या बसमध्ये पुरुषोत्तमरावांनी मिळालेले कोरडे मोजे नीट वर ओढले.

"बोलतात," ते म्हणाले. "फक्त काहीतरी सापडावं लागते त्यांना."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना विमानतळावर सोडून आली. फ्लॅट एकदम मोठा वाटत होता. आधण ठेवून ती चहा टाकणार, तेवढ्यात दार वाजलं. दारात ओल्या केसांची एक तरुणी उभी होती.

"सॉरी, मी वर राहते. ही तुमची आहे का? माझ्या पायपुसण्यावर होती."

तिच्या हातात बाबांची घरात घालायची निळी स्लीपर होती. उजवी.

अक्षया काही बोलणार, तोच खालच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ जिना चढून आले. त्यांच्या हातात डावी.

सॉरी अक्षयाच्या ओठांवर आलंच होतं. ते तिने गिळलं, दोघांना आत बोलावलं आणि आधणात आणखी दोन कप पाणी वाढवलं.