मांडव मधून उघडा

माझ्या बहिणीच्या लग्नाचा एकच फोटो आहे आणि त्यात तिचं तोंड नाही. पागोटी आहेत, टोप्या आहेत, अंतरपाटाची पांढरी रेघ आहे. मामांचं टक्कल तर असं लख्ख आलंय, की लग्न त्यांचंच वाटावं. फोटो काढणारे पुंजाजीकाका त्या वेळी उंद्री गावात मांडवाशेजारच्या चिंचेवर चढून बसले होते.

काका चिखलीत आमच्या शेजारी राहत, एकटेच. महायुद्धात ब्रह्मदेशावर विमानातून फोटो काढायचं काम त्यांनी केलं होतं. लढाई संपली, महाराष्ट्र झाला, पण काका काही जमिनीवर उतरले नाहीत. कुणी पत्ता विचारला तर सांगायचे, "जिथं लंबी सावली पडते, तेच घर." भर दुपारी सावलीच नसे, पाहुणा बिचारा हिंडत राही.

लग्नसराईत ते न बोलावता हजर. अट एकच. "मांडव मधातून उघडा ठेवा बाप्पा, नाही त वरून तंबू दिसते!" लोक हसत, पण वडीलधारा माणूस म्हणून ऐकत.

बहिणीचा फोटो पाहून मी तणतणत त्यांच्याकडे गेलो.

"काका, निदान नवरीचं तोंड त दिसाले पाह्यजे होतं!"

"तोंड तुले ठाऊक हाये ना बे," म्हणत त्यांनी लढाईतला आल्बम काढला. नद्या, पूल, रूळ. मग एक गाव. गावात एक चौकोन, भोवती मुंग्यांएवढी माणसं. खाली काकांचं अक्षर : 'तंबू. फौज.'

"म्याच लिहून देल्लं होतं," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी बॉम्ब पडले. मंग आमची पलटण तिथून गेली, तवा समजलं. मांडव होता थो. लगन होतं."

भांडायला आलो होतो, याचीच लाज वाटली. काकांनी पान उलटलं. पुढे सगळी आपल्याकडची लग्नं : चिखलीची, देऊळगाव राजाची, सगळी वरून काढलेली. शेवटी माझी बहीण.

"पाह्य बरं," त्यांनी माझा हात धरला. "हे लगनच दिसते ना? फौज त नाही वाटत?"

"लगनच हाये काका."

"हाव ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. मांडवाचं मधलं कापड मीच काढायला लावलं. आणि मुहूर्ताआधी, मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत, काका वर चढेपर्यंत शिडी धरून उभा राहिलो.