पडद्यावरचा नवरदेव

मुरूमच्या मंगल कार्यालयात धाकट्या बहिणीच्या, महेश्वरीच्या लग्नाचा पडदा चालवायचं काम मल्लिनाथनं हट्टानं मागून घेतलं होतं. नऊ वर्षं तो गावात संगणक शिकवत होता, पण आजवर त्याला कुणी टॉवेल-टोपी दिली नव्हती. आज सत्काराच्या यादीत दुसरं नाव त्याचं होतं. यादी अर्थातच त्यानं केली होती.

प्रोग्रामही त्याचाच. एरवी पडद्यावर वधू-वरांची नावं दिसायची आणि सत्काराच्या वेळी पाहुण्याचं. नवरदेव आणि पाहुणा, दोघांच्या नावांसाठी त्यानं एकच ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामची सामाईक जागा, ठेवला होता. त्याची विद्यार्थिनी शिवरंजनी आदल्या दिवशीच म्हणाली होती, "सर, सत्काराच्या फंक्शनला नाव पॅरामीटर म्हणून हातात द्या की. सामाईक ठेवलं तर कुणीबी बदलंल." वर्गात रोज हेच सांगून घसा कोरडा करणाऱ्या सरांनी, घरच्या कार्याला एवढं कशाला, म्हणून तिला गप्प केलं.

पहिला सत्कार नवरदेवाच्या मामांचा, सत्तरीच्या वीरप्पांचा. स्टेजवर सूत्रसंचालन करणाऱ्या बलभीमनं बटण दाबलं, पडद्यावर वीरप्पांचं नाव आलं, टाळ्या झाल्या. मग पडदा मूळ मजकुरावर आला: 'महेश्वरी आणि वीरप्पा यांचा शुभविवाह'.

सगळं कार्यालय हसलं. नवरदेव नंदीश मात्र हसला नाही. वीरप्पा बायकोकडं न बघता म्हणाले, "म्या फकस्त जेवायला आलतो."

मल्लिनाथला चूक लगेच कळली: पाहुण्याचं नाव नवरदेवाच्याच जागी बसलं होतं. आता त्याचा सत्कार झाला की पडदा महेश्वरीचं लग्न तिच्या सख्ख्या भावाशी लावणार होता. तेवढ्यात बलभीमनं त्याचं नाव पुकारलं.

"मला सत्कार नगं," मल्लिनाथ कळवळून म्हणाला.

पण सत्काराला आधी नको म्हणायचं, ही तर रीतच. तो जितका नको म्हणे तितका लोकांना त्याच्या विनयाचं कौतुक वाटे. चांगली पाच मिनिटं ओढाताण चालली आणि शेवटी दोघांनी दंडाला धरून त्याला स्टेजवर नेलं. टोपी चढली, टॉवेल हातात आला, टाळ्या झाल्या. मल्लिनाथनं डोळे गच्च मिटले.

कुणीच हसेना. त्यानं हळूच पाहिलं. पडद्यावर 'महेश्वरी आणि नंदीश' होतं आणि संगणकापुढच्या त्याच्या खुर्चीवर, कीबोर्डवर हात ठेवून, शिवरंजनी बसली होती.

खाली उतरून त्यानं नऊ वर्षांनी मिळालेली टॉवेल-टोपी तिच्या हातात दिली.

"टॉवेल घेते, सर," ती म्हणाली. "टोपी ऱ्हाऊ द्या. तुमच्याच डोक्याला बसलीया."