ओढून बघणारे बिराजदार अण्णा

आमच्या शेजारचे बिराजदार अण्णा घरी आले, की आधी काहीतरी ओढून बघतात. माणसांशी मग बोलतात. पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या टॉवेलचा दांडा हातात घेऊनच खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आधीच ढिला हुता ओ, सर."

जुळे सोलापुरात आम्ही शेजारी. अण्णा मूळचे मैंदर्गीचे. काँक्रीटला भोक पाडून, आत केमिकल भरून सळई बसवतात. ती घट्ट झाली, की अण्णा जॅक लावून ओढतात. ती सुटेपर्यंत. याचा त्यांना पगार मिळतो.

"चांगली बसलेली सळई उपटायची कशाला?" मी एकदा विचारलं.

"किती धरती ते कळाया नको व्हय?"

"पण उपटल्यावर काय उपयोग?"

"ती टेस्टची असती की. कामाची येगळी. तिला सुटंस्तवर वढायचं नसतं."

"मग कामाच्या सळईची ताकद कशी कळते?"

"टेस्टचीवरनं."

मी मान डोलावली. डोक्यात काही शिरलं नव्हतं.

अण्णांची बायको गेलेली. एकुलती एक मुलगी सुवर्णा बाळंतपणाला आली आणि अण्णांनी पाळण्यासाठी स्लॅबला स्वतः हूक बसवला, त्याच केमिकलने. बारशाच्या सकाळी बायका जमल्या, घुगऱ्या शिजल्या, आणि अण्णा जॅक घेऊन स्टुलावर चढले.

"अप्पा, थोडंच ओढा हं," सुवर्णा वडिलांना म्हणाली.

"नात निजणार हाय तितं. वढल्याबिगर कसं?"

डोळे मीटरवर, हात जॅकवर. "धरतंय... धरतंय..." करत सवयीने हात चालूच राहिला. धाडकन हूक स्लॅबच्या ढलप्यासकट सुटला. ढलपा थेट घुगऱ्यांच्या पातेल्यात.

"लई धरलं ओ!" अण्णा खुशीत ओरडले.

"अण्णा, हा हूक टेस्टचा होता की कामाचा?" मी विचारलं.

अण्णांनी वर बघितलं, खाली बघितलं, मग सुवर्णाकडे. शेवटी बायकांनी त्यांनाच भिंतीला टेकून बसवलं, बाळ मांडीवर दिलं आणि पाळणागीत म्हणून टाकलं. गाणं संपलं तरी अण्णा हलले नाहीत.

परवा सुवर्णाला न्यायला सासरची गाडी आली. आता घरात अण्णा एकटेच उरणार म्हणून मीही दारात जाऊन उभा राहिलो. मला फार वाईट वाटत होतं. बाळ अण्णांच्या हातात होतं आणि बाळाच्या मुठीत अण्णांचं बोट. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. जावई घड्याळ बघू लागले.

"अप्पा, बोट सोडवून घ्या ना," सुवर्णा म्हणाली.

अण्णा नुसतेच उभे. सगळ्यांची पंचाईत झाली.

"अण्णा, हळूच ओढा की," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते.

"न्हाय ओ सर," ते म्हणाले. "ही कामाची हाय."